आठला एक

केस काळे करायची पावडर, दोन पुड्या.

कानाच्या मशिनचे सेल. दाढीची ब्लेडं.

एका ओळीत दहा अक्षरं मावतात; काना, जोडाक्षराचा पाय, मोकळी जागा, मशीन सगळं मोजतं. अकरावं अक्षर मशीन खाऊन टाकतं.

इसबगोल, मोठा डबा. चष्म्याची दोरी.

नगरपालिकेचा भोंगा दिवसातून तीनदा वाजतो.

मेंदीचं पाकीट. थर्मामीटर.

तोंड उघडवत नव्हतं, म्हणून म्हाताऱ्याने चहाला हातानेच नको म्हटलं.

*

तो चहा खरं तर माझ्यासाठी आला होता. मिरजेहून सकाळच्या एसटीने मी चार नंबरच्या दुकानात पोचले होते आणि काउंटरच्या आत, सलाईनच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून बसले होते. उगारे अण्णांची मेडिकलची सात दुकानं. हे चौथं, तालुक्याच्या गावातलं. गावाचं नाव इथे लिहीत नाही. गोळीचंही लिहिणार नाही.

दुकान चालवायचे विद्याधर भिलवडे. छप्पन्न वर्षांचे, फार्मासिस्ट, अक्षर असं देखणं की काही गिऱ्हाइकं औषधाची रिकामी पाकिटं टाकून द्यायची नाहीत. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम म्हणायचे, आणि दोघांनाही ते थोडं विचित्र वाटायचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. अण्णांच्या सातही दुकानांचं बिलाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं.

मी एका जोडीचं कारण शोधायला आले होते.

जोडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. एक बिल म्हणजे एक टोपली समजा. टोपली कुणाची हे लिहिलेलं नसतं, तिच्यात काय काय होतं एवढंच असतं. सात दुकानांच्या दोन वर्षांच्या साडेचार लाख टोपल्या माझ्याकडे होत्या. माझा प्रोग्रॅम त्या उलथ्यापालथ्या करायचा आणि कुठल्या वस्तू वारंवार एकमेकींसोबत येतात ते सांगायचा. ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा, तो आकडा मात्र आपण द्यायचा असतो. त्याच्या खाली जे राहील ते प्रोग्रॅमच्या लेखी घडलेलंच नसतं.

पहिल्यांदा मी पाचशे दिला. सिरिंज घेणारा कापूस घेतो, जुलाबाची गोळी घेणारा क्षारांची पुडी घेतो, असलं सगळं वर आलं. अण्णांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “हे सांगायला कॉम्प्युटर लागतोय व्हय? हे माझ्या आईला बी ठावं होतं, आणि तिला वाचता येत नव्हतं.”

मला ते लागलं. घरी येऊन मी आकडा खाली आणत गेले. शंभर. चाळीस. शेवटी सहा. एवढा खाली आणला की कचरा फार येतो, हजारो जोड्या, निव्वळ योगायोगाच्या. त्या गाळायलाही हिशेब असतो: एकमेकींवाचून ज्या क्वचितच दिसतात, त्या वर घ्यायच्या. तसं केल्यावर यादीत पहिली आली ती ही जोडी.

संधिवातावरची एक बारीक पिवळी गोळी. आणि तोंडातल्या फोडांवर लावायची जेल.

नऊ बिलं. नऊच्या नऊ चार नंबरच्या दुकानातली.

अण्णा यावेळी हसले नाहीत. त्या दुकानात पिवळ्या गोळीचा खपही एकाएकी कितीतरी वाढला होता, तेही मी दाखवलं. त्यांनी माझ्यासमोरच भिलवडेकाकांना फोन लावला आणि जेलचा खोका त्या गोळीच्या खणाशेजारी ठेवायला सांगितलं, म्हणजे गिऱ्हाइकाने मागायच्या आधी हात पोचेल. मग मला म्हणाले, बाकीच्या सहा दुकानांत हे का जमत नाही, एकदा जाऊन बघून ये.

मी लगेच गेले नाही. काकांची मुलगी निपाणीला बाळंत झाली, ते दहा दिवस रजेवर होते, त्यांच्या जागी दोन नंबरच्या दुकानातला माणूस बसत होता. काका परत आल्यावर मी गेले. तोवर नवाची सोळा झाली होती. एसटीत खिडकीशी बसून मी त्या सोळाकडे पुनःपुन्हा बघत होते. खूश होते मी.

*

म्हाताऱ्याचं नाव शिवगोंडा आप्पा. दुकानात आले, टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि खालचा ओठ बोटाने ओढून दाखवला. आतली कातडी पांढरी पडून सुटली होती. काकांनी जेल काढून दिली. हात शेजारच्याच खणात होता. त्यांनी माझ्याकडे बघून किंचित मान हलवली, बघा, तुमची जोडी आली, अशी. मीही हसले.

आप्पांनी दुसऱ्या खिशातून पिवळ्या गोळीचं रिकामं पाकीट काढलं. ही पण संपली, असं ते कष्टाने बोलले. शब्द तोंडात धरून धरून सोडत होते.

काकांचा हात खणावर थांबला. एवढ्यात कशी संपली, असं त्यांनी विचारलं. मागच्याच पंधरवड्यात दहा नेल्या होत्या.

“संपणारच की,” आप्पा म्हणाले. “सांजचा भोंगा झाला की गोळी. एक दिस चुकवली नाही.”

“रोज?”

“मग? आधी ऐतवारची होती. पुन्हा ही छापील चिठ्ठी आली. म्हटलं डॉक्टरनं वाढवली आसंल. छापल्यालं हाय म्हणजे खरंच आसणार.”

पाकिटावरची चिठ्ठी त्यांनी आमच्यापुढे धरली. ती चिठ्ठी मी ओळखत होते. अण्णांच्या सात दुकानांपैकी फक्त या एका दुकानात, जूनमध्ये, मी चिठ्ठ्या छापायचं मशीन बसवलं होतं. करून बघण्यापुरतं. प्रोग्रॅम माझा होता.

वर गोळीचं नाव. खाली: आठला १.

मी वाचलं आणि मला त्यात काहीच खटकलं नाही. आठ वाजता एक. मी काकांकडे पाहिलं. ते त्या चिठ्ठीकडे असे बघत होते, जणू दुसऱ्या कुणाच्या हातचं लिहिलेलं वाचताहेत.

“तिथे टिंब आहे,” ते म्हणाले. “आठ, टिंब, ला. मी टिंब दिलं होतं.”

त्या मशिनवर टिंब उमटत नाही. सुईच्या टोकाएवढं असतं, कागद गरम झाला की पुसट होऊन जातं. मला ते माहीत होतं. टिंबाने काही बिघडेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं, एवढंच.

पूर्वी काका त्या पाकिटावर लाल शाईने ‘आठवड्यातून एकदाच, रविवारी’ असं लिहून खाली दोन रेघा मारायचे. बाकीच्या सहा दुकानांत अजूनही हातानेच लिहीत होते. मशीन बसवल्यावर काकांचा मला फोन आला होता की ओळीत शब्द मावत नाहीत, मशीन कापून टाकतंय. मी तेव्हा दुसऱ्या कामात होते. मी म्हटलं होतं, “मावेल असं छोटं करून घ्या ना, काका.” त्यांनी एका दुपारी बसून नेटकी छोटी रूपं केली होती. दिव.ला २. महि.ला १. आठ.ला १.

काकांनी आप्पांना स्टुलावर बसवलं. मग मला आत, फ्रीजच्या मागे बोलावलं. ते हळू बोलत होते, आणि त्यांचं हळू बोलणं मला सगळ्यात जास्त घाबरवत होतं.

“ही गोळी आठवड्याला एक. रोज घेतली तर विष आहे. आधी तोंड सोलतं. मग ताप. मग अंगात रक्त बनायचं थांबतं.”

“म्हणजे जेल...”

“होय,” काका म्हणाले. “तुमची जोडी.”

*

दोन वाजून वीस मिनिटं. पुढचा भोंगा संध्याकाळी आठला.

*

मी अण्णांना फोन केला. काय सांगितलं ते नीट आठवत नाही, दोनदा पहिल्यापासून सांगावं लागलं. मग त्यांनी विचारलं, “तुझा कॉम्प्युटर किती खात्री देतोय?”

खात्रीचा आकडा प्रोग्रॅम खरोखरच देतो. मी वाचून दाखवला. शंभरातले सत्तर.

“मग तीस टक्के न्हाई म्हणतोय की. मी गाडी काढतो. मी येईस्तोवर दोघांनी बी तोंड उघडायचं न्हाई.”

मी फोन ठेवला आणि काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एका चिठ्ठीवर डॉक्टरांसाठी चार ओळी लिहिल्या, शेजारच्या बेकरीवाल्याची जीप थांबवून आप्पांना मिरजेला पाठवलं. मग बाहेर आले आणि भर दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

“अण्णांनी विचारलं तर शटर मी ओढलं म्हणून सांगा,” ते म्हणाले. “काढा तुमच्या टोपल्या.”

तिथे मी अडले. टोपलीला नाव नसतं. इतकी वर्षं मी ती सोय मानत आले होते. नाव, पत्ता, फोन, मोजणीला काही लागत नाही. मशीन बसल्यापासून पिवळी गोळी गेलेली एकतीस बिलं स्क्रीनवर होती आणि त्यातलं एकही कुणाचं नव्हतं.

काकांनी खुर्ची ओढली. गोळी सोडून बाकी काय काय आहे ते वाचा, म्हणाले.

मी वाचत गेले. ते डोळे मिटून ऐकत गेले.

“कानाच्या मशिनचे सेल, दाढीची ब्लेडं.”

“बोरगावे सर. तळ्यापलीकडे.”

“इसबगोल, चष्म्याची दोरी.”

“पोस्टातले मुजावर. गोळी त्यांच्या बायकोला.”

“केस काळे करायची पावडर, दोन पुड्या.”

“सदामते मंडपवाला. तिथे जपून बोलावं लागेल. तो केस काळे करतो हे त्याच्या घरात माहीत नाही.”

मी हसले आणि लगेच मला स्वतःची भीती वाटली.

माझ्या प्रोग्रॅमने जे टाकून दिलं होतं ते सगळं काकांच्या डोक्यात होतं. कोण कुठल्या चवीचं ग्लुकोज नेतं, कोण मुलीच्या बाळासाठी पावडर नेतं, गरम पाण्याची पिशवी कुणाची फुटली. तीन वाजेपर्यंत एकतीस बिलांची बारा माणसं झाली. आप्पा धरून बारा. अकरा नावं काकांनी कागदावर लिहिली, त्यांच्या त्या सुरेख अक्षरात.

बाराव्याची दोनच बिलं होती; ती एकाच माणसाची असणार असं आम्ही धरलं. पहिल्यावर मेंदीचं पाकीट. दुसऱ्यावर जेल, थर्मामीटर. ती दोन्ही वाचून झाल्यावर काकांनी डोळे उघडले.

“हे माझं नाही,” ते म्हणाले. “तारखा बघा. मी निपाणीला होतो.”

बदलीवरच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, मेंदीवाली गिऱ्हाइकं दिवसाला दहा येतात, कुणाचं तोंड लक्षात ठेवू.

*

काकांच्या स्कूटरवर मागे बसून मी त्या गावातल्या दहा घरांत गेले. सगळं सांगत नाही. भीती अशी होती की माणसं अजिबात घाबरत नव्हती. बोरगावे सरांनी आम्हाला बसायला सांगून आधी चहाचं आधण ठेवायला लावलं. मुजावरबाईंना ताप होता, अंगावर बारीक लाल ठिपके होते, तरी त्या पुनःपुन्हा एवढंच म्हणत होत्या की पण छापलंय की, भाऊ, छापलंय. काकांनी त्यांच्यापुढे हात जोडले. छप्पन्न वर्षांचा माणूस ओसरीवर हात जोडून उभा होता, आणि मला म्हणायचं होतं की छापणारी मी आहे. मी ते म्हटलं नाही. पुढच्या घरी म्हणू असं ठरवलं. पुढच्या घरीही म्हटलं नाही.

सदामते मात्र ठणठणीत निघाला. तो गोळी घ्यायलाच विसरायचा. दहातल्या सात तशाच होत्या. “आळसानं तारलं म्हणायचं,” असं म्हणून तो मोठ्याने हसला, आणि त्याच्या बायकोने विचारलं, कशानं तारलं, काय झालंय.

प्रत्येक घरात तेच सांगायचं: गोळी बंद, आज रात्रीची घ्यायची नाही, आत्ताच्या आत्ता मिरजेला जाऊन रक्त तपासा. काका पाकीट मागून घ्यायचे आणि खिशात टाकायचे. खिसा फुगत गेला.

सहाला आम्ही दुकानाशी परत आलो तेव्हा अण्णा शटरखाली वाकून आत बसले होते. मला वाटलं ओरडतील. त्यांच्या हातात एक कोरं पाकीट होतं. त्यांनी मशिनवर स्वतः चिठ्ठी काढून बघितली होती.

“मी बी आठ वाजताच वाचलं,” ते म्हणाले. “तीनदा वाचलं.”

किती राहिले, असं त्यांनी विचारलं. एक, काका म्हणाले. नाव? नाव नाही. घर? माहीत नाही. बाई की पुरुष? काकांनी माझ्याकडे बघितलं. मेंदी आहे, मी म्हटलं. बहुतेक बाई.

अण्णा उठले. दुपारी ज्यांनी तोंड उघडू नका म्हणून सांगितलं होतं, त्यांनी स्टँडवरून लाउडस्पीकर लावलेली प्रचाराची रिक्षा आणली आणि माईक दुसऱ्या कुणाला दिला नाही. ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून बसले. गल्लीगल्लीतून त्यांचा आवाज येत होता. आमच्या दुकानातून संधिवाताची पिवळी गोळी नेली असेल त्यांनी ती घेऊ नका. चूक आमची आहे. आठला म्हणजे आठवड्याला. चूक आमची आहे.

मी आणि काका पायी फिरत होतो. दारात बसलेल्या प्रत्येक बाईच्या हाताकडे मी बघत होते. केस मेंदीने लाल झालेली बाई दिसली की थांबायचं, विचारायचं. त्या गावात मेंदी लावणाऱ्या बायका किती आहेत हे मला त्या दिवशी कळलं. एकीने विचारलं, तुम्ही लसवाले का? दुसरीने तोंड उघडून स्वतःच जीभ दाखवली.

साडेसात झाले. पावणेआठ. काका दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि मी त्यांचं घड्याळ बघत होते. शेवटी शेवटी आम्ही विचारायचंही सोडलं, नुसतं चालत होतो, भराभर, कुठेतरी पोचायचं असल्यासारखं.

मग भोंगा झाला.

आम्ही पाण्याच्या टाकीखाली होतो. तो आवाज वरून आला आणि संपेचना. घराघरांतून कुणी दिवा लावला, कुणी टीव्हीचा आवाज वाढवला. कुठल्या तरी घरात कुणीतरी पाण्याचा तांब्या उचलत असेल. काका टाकीच्या खांबाला टेकून उभे राहिले. भोंगा थांबल्यावरही त्यांनी कानावरचे हात काढले नाहीत.

*

तिसऱ्या दिवशी एक माणूस दुकानात आला. चाळिशीचा असेल. सूतगिरणीत होता. नाव महावीर खोत. त्याने काउंटरवर पाकीट ठेवलं. चिठ्ठी तशीच होती. शेजाऱ्यांनी रिक्षातलं ऐकलं आणि त्याला मिरजेला फोन केला, असं तो म्हणाला. आम्ही गल्ल्या फिरत होतो त्या दिवशी सकाळीच त्याने आईला तिकडे दाखल केलं होतं. डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. आता सापडलं होतं.

काका काउंटरच्या बाहेर आले. अण्णाही होते. मी तेव्हा सांगितलं. चिठ्ठी माझ्या मशिनची आहे, शब्द छोटा करा असं मीच सांगितलं होतं. फार उशिरा सांगितलं, पण सांगितलं.

तो माझ्यावर ओरडला नाही. त्याने मान हलवली, आणि अशा आवाजात बोलला की जणू तोच काहीतरी कबूल करतोय.

“आईला वाचता येत नाही. भोंगा झाला की मीच द्यायचो गोळी. पाणी घेऊन.”

सुलोचना खोत नवव्या दिवशी गेल्या. बाकीची अकरा माणसं वाचली. मुजावरबाईंना दोन महिने लागले. चौकशी झाली. दुकानाचा परवाना काही काळ बंद राहिला. काकांनी नोकरी सोडली आणि पुढे कुणाच्या पाकिटावर काही लिहिलं नाही. अण्णांनी ते मशीन मला परत दिलं नाही, टाकूनही दिलं नाही. चौकशीत त्यांनी आणि काकांनी दोघांनीही सांगितलं की या पोरीने जोडी शोधली म्हणून अकरा जण वाचले. ते कागदावर आहे. मी अजूनही तेच काम करते, दुसऱ्या शहरात, आणि आजवर मला कुणी विचारलेलं नाही की जोडी मला दिसली कधी.

सुलोचनाबाईंचं पहिलं पाकीट दुकानातून गेलं ते सव्वीस जुलैला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. अण्णांना मी ती जोडी दाखवली तो दिवस एकवीस जुलै.